पाय बघून ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी शिकाऊ लोकांसाठी कॉम्प्युटरकडून एक पुस्तिका लिहून घेतली आणि ती सुधारायला मामांकडे दिली. आता मामांच्या हातात कागद देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. मामा तिथले जुने शिक्षक. पन्नाशी उलटली तरी खोड जात नव्हती. हॉर्न फार वाजवला तर संपतो, असं नव्या शिकाऊला गंभीर चेहऱ्यानं सांगणारा माणूस.

पुस्तिकेत चूक एकही नव्हती, आणि लक्षात राहील अशी ओळही एक नव्हती. ‘क्लच हळूहळू सोडावा.’ अहो, पण हळूहळू म्हणजे किती? ज्याचं त्याचं हळू निराळं. मग मामांनी मोकळ्या जागेत आपल्या बोलीत लिहायला घेतलं. क्लच सोडताना ‘चल गं माझे राणी’ म्हणा, म्हणून होईस्तोवर पाय वर येऊ द्या. गाडी मागं घेताना मागं सासू उभी आहे असं समजा. हात बसला तसे किस्सेही आले. त्यांचा एक शिष्य ब्रेक दाबायच्या आधी पाय कुठं आहे ते वाकून बघायचा, आणि असाच बघता बघता त्यानं गाडी भाजीवाल्याच्या टोमॅटोत नेऊन उभी केली होती.

मालकीणबाई वाचून हसल्या, पण एका पानावर दोन तऱ्हेची भाषा त्यांना बरी दिसेना. त्यांनी दोन्ही मजकूर कॉम्प्युटरला दिले आणि सांगितलं, एकजीव कर, आटोपशीर कर. त्यानं केलं. शेवटचं मामा वाचतील असं बाईंना वाटलं, आणि कुणीच न वाचता पुस्तिका छापून आली.

मामांनी पहिलं पान उघडलं. ‘क्लच सोडताना वाहनास “चल गं माझे राणी” असे स्पष्ट उच्चारात संबोधावे. संबोधन अपूर्ण ठेवू नये.’ खाली, ‘वाहन मागे घेताना सासूबाईंचे स्मरण करावे. सासूबाई नसल्यास अन्य ज्येष्ठ नातेवाईक चालतील.’ हसता हसता मामा खुर्चीतून पडायचेच बाकी होते. पुढची पानं कोण वाचतंय! त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शिकाऊ माणसं गाडीला राणी म्हणू लागली. एका रिटायर्ड हेडक्लार्कनं तर, मावससासू चालेल का, असं अदबीनं विचारलं. चालेल, पण सख्खी असली तर पार्किंग चांगलं होतं, असं मामांनी सांगून टाकलं.

शिकणाऱ्यांत मामांच्या सख्ख्या वहिनीही होत्या. मामांच्या दादाचे डोळे अधू झाले होते, गाडी दारात नुसती उभी होती, आणि घर गावाबाहेर, दवाखाना दुसऱ्या टोकाला. या खेपेला वहिनींना लायसन मिळालं नाही तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि मुलाकडे राहायला जायचं, असं दादानं ठरवून टाकलं होतं. वहिनींना मुलाकडे जायचं नव्हतं. सूनबाई वाईट नव्हती, पण आपलं घर ते आपलं घर.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मामा त्यांना शेवटचा सराव द्यायला बसले. गाडी छान सुटली. पुढं चौक आला तशी वहिनींची मान खाली गेली. रस्ता समोर आणि या बघतायत आपल्या चपलेकडे. मामांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, तेव्हा पुढच्या टेम्पोत आणि यांच्यात वीतभर जागा उरली होती.

“वहिनी, खाली काय शोधताय?”

“पाय बघत होते. पुस्तकात दिलंय ना तसं.”

मामांनी पुस्तिका काढली. मधल्या पानावर नीटनेटकी ओळ होती, ‘ब्रेक दाबण्यापूर्वी पाय कोठे आहे ते पाहून खात्री करावी.’ टोमॅटो गेले होते, भाजीवाला गेला होता, शिष्याची खोड तेवढी नियम होऊन बसली होती. मामांना हसू आलं नाही. हे मी असं लिहिलेलं नाही, हे मशीननं केलंय, असं ते सांगू लागले.

वहिनींनी गाडी बाजूला घेतली. “भावजी, राणी तुमची, सासू तुमची. मग पाय तेवढा मशीनचा, हे मी कसं ओळखायचं? पहिल्या पानावर तुमचा आवाज ऐकू आला, म्हणून पुढचं सगळं डोळे मिटून पाठ केलं.”

मामांनी पुस्तिका मिटून खिशात घातली.

मग त्यांनी डिकीतला जुना टॉवेल आणला आणि वहिनींच्या गुडघ्यांवरून पुढं स्टिअरिंगखाली ताणून बांधला. खाली बघितलं की टॉवेलच दिसायचा. दोन-चार दिवसांत मान वर राहायला लागली, पण घाई झाली की अजून हलायची.

दरम्यान मामांनी मालकीणबाईंपुढं सगळं कबूल केलं आणि घरोघर फिरून पुस्तिका परत आणल्या. मशीनचे नियम वर, मामांचं खाली वेगळ्या चौकटीत, आणि चौकटीवर ‘मामा म्हणतात’, असं ठरलं. प्रत्येक पान दोघांनी मोठ्यांदा वाचून मगच छापायला दिलं.

परीक्षेला टॉवेल चालणार नव्हता. मैदानाच्या कुंपणाशी दादा मामांचा हात धरून उभा राहिला. त्याला लांबचं काही दिसत नव्हतं.

“थट्टा नको,” दादा म्हणाला. “दिसेल तेवढंच सांग.”

मामांनी सांगितलं. गाडी सुटली. वळणावर आली. शेजारी परीक्षक काहीतरी लिहितोय. आता थांबायची रेघ येतेय.

“मान?”

मामा कुंपणावरून वाकून बघू लागले. दादानं त्यांचा हात दाबला.

“समोर आहे,” मामा म्हणाले. “थांबली. रेघेच्या अलीकडं.”

गाडी विकायची जाहिरात दिलीय ती उद्याच काढून टाक, एवढं दादा म्हणाला.

वहिनी पास झाल्या. घरी जायला निघाले तेव्हा दादा सवयीनं चाचपडत स्टिअरिंगच्या बाजूला गेला. वहिनींनी त्याचा दंड धरला, गाडीला वळसा घालून पलीकडं नेऊन बसवलं, आणि त्याचा पट्टा लावून दिला.