दुसरा तुकडा

“डोळे फसू देत, हात चुकू दे, पण जीभ फसली, पोरी, तर ॲप्रन काढायचा आणि घरी जायचं.”

होल्मबाईंचा हा आवाज इंगेलीसने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कोपनहेगनमधल्या बाईंच्या तळघरातल्या खाणावळीत काळ्या पावाच्या कापावर हेरिंग मासळी कशी मांडायची ते शिकत होती. होल्मबाईंना जाऊनही आता तीस वर्षं झाली. तरी गाडी मोठा रस्ता सोडून गावाकडे वळली तेव्हा तिच्या कानात तोच आवाज होता, आणि शेजारी गुडघ्यावर वही उघडून बसलेला नवरा विचारत होता,

“कालच्या धुरी दिलेल्या वाम माशाचं काय लिहू? तू काही बोललीच नाहीस.”

“लिही... चरबी गोड. धूर जरा पुढेपुढे करतो.”

“पुढेपुढे करतो!” प्रेबेन खूश झाला. “न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. सिसेल हसेल बघ.”

सिसेल त्यांची मुलगी. ऑगस्टमध्ये ती स्वतःची खाणावळ उघडणार होती, जुन्या पदार्थांची. म्हणून हा प्रवास. बेटाबेटांवरून, जुन्या खाणावळींतून, एकोणीस दिवस. इंगेलीसने खायचं, बोलायचं, प्रेबेनने लिहायचं. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस तो, बोलणं जसंच्या तसं पोचवण्यात त्याचा हात कोण धरणार! आईच्या जिभेवर मुलीचा भरवसा होता, आणि नवऱ्याचा तर त्याहून. घरी रस्सा उकळला की तो चमचा तिच्यापुढे धरायचा. ती ‘हं’ म्हणाली की मग त्याला तो आवडायचा.

फेब्रुवारीत तिला ताप आला होता. ताप गेला, आणि जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, कॉफी शिळी आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, लोणी शिळं आहे. तिसऱ्या दिवशी तिने मिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि वाट बघत उभी राहिली. वाळूचे कण विरघळावेत तसं काहीतरी विरघळलं, एवढंच. डॉक्टरकडे ती एकटी गेली. तो म्हणाला, येईल परत, किंवा नाही येणार. घरी येताना तिने फुलकोबी घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

आणि आता हा प्रवास. बॉर्नहोमची धुरी दिलेली हेरिंग म्हणजे ओला कागद. पार्सलीच्या पांढऱ्या रश्शातलं तळलेलं डुकराचं मांस म्हणजे आधी कुरकुर, मग ऊब. फ्यूनचं चीज म्हणजे गार, नुसतं गार. शब्द मात्र तिच्याकडे सत्तेचाळीस वर्षांचे साठलेले होते, तेच एकेक काढून ती देत होती आणि वही भरत होती. कधीतरी रडू येईल, असं तिला वाटलं होतं. तेही आलं नाही.

गावच्या सभागृहात दुपारचं कॉफीचं टेबल मांडलेलं होतं. निस दारातच उभा होता, सभागृहाचा अध्यक्ष, उन्हात विसरलेल्या काठीसारखा वाळलेला म्हातारा.

“सात केक मऊ, सात कडक,” तो म्हणाला. “आधी मऊ, मग कडक. एकही सोडायचा नाही. सोडलात, तर जिने केलाय ती बाई ईस्टरपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही.”

“आणि सगळे खाल्ले तर?” प्रेबेनने विचारलं.

“मग डॉक्टर बोलतो.”

बायका हसल्या. एकीने इंगेलीसला खुर्ची ओढून दिली. “ही कोपनहेगनची. हिच्या ताटात छोटे तुकडे घाला गं, तिकडे पोटं अरुंद असतात.”

चौदा केक, चौदा बायका. कोणता केक कुणाचा ते सगळ्यांना पाठ. मधोमध, उंच काचेच्या थाळीवर, राय धान्याच्या काळ्या पावाचा केक होता. पावाचा चुरा, बदामासारख्या हेझलनटचे कुटलेले दाणे, मध्ये काळ्या बेरीचा जॅम आणि वर सायीचं दाट पांढरं पांघरूण. तो बोटिलामावशीचा. मावशी टेबलाच्या टोकाला बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, हात मांडीवर एकात एक घालून, शाळेत निकाल ऐकायला बसावं तशी.

इंगेलीसने घास घेतला. चुरा मऊ भिजलेला, साय गार, दाणे दाताखाली छान कुरकुरणारे. शेजारी प्रेबेनने घास घेतला, आणि त्याचा पाय तिच्या पायावर पडला. तिला वाटलं, खुर्ची सरकवतोय.

सगळ्यांचे हात कॉफीच्या कपांकडे गेले.

“कसा झालाय?” मावशीने विचारलं.

“फार छान,” इंगेलीस म्हणाली. “चुरा अगदी नेमका भिजलाय. मला अजून एक तुकडा दे.”

कुणीतरी खोकलं. निस खिडकीबाहेर बघू लागला. बोटिलामावशी उठली, स्वतःच्या हाताने तिने दुसरा तुकडा कापला, मोठा, आणि तो ताटात ठेवताना तिच्या तोंडावर जे उमललं ते सगळ्या सभागृहाने पाहिलं. इंगेलीसने तो तुकडा शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

बाहेर, गाडीपाशी आल्यावर प्रेबेनने तिचे दोन्ही खांदे धरले.

“मीठ होतं गं! साखरेच्या जागी नुसतं मीठ. मला एक घास उतरेना, तीन कप कॉफी प्यायलो. आणि तू दुसरा तुकडा मागितलास! कपाळावर आठी नाही.” त्याचे डोळे ओले झाले होते. “एवढी वर्षं झाली आपल्या लग्नाला, तरी तू कोण आहेस ते मला अजून कळायचंच आहे. तो निस मला म्हणाला, अशी माणुसकी आम्ही इथे पाहिली नाही.”

गाडीचं दार उघडून इंगेलीसने हात त्या दारावरच ठेवला.

तेवढ्यात खडीवर पावलं वाजली. बोटिलामावशी येत होती, हातात पुठ्ठ्याचा डबा, दोरीने बांधलेला.

“राहिलेला तुझ्यासाठी,” ती म्हणाली. धाप लागली होती तिला. “गेल्या वर्षभरात दुसरा तुकडा मागणारी तू पहिली.”

“मावशी, कशाला एवढं...”

“थांब. तुला एक विचारायचंय.” तिने मागे सभागृहाकडे बघितलं. “हे लोक माझ्या केकबरोबर फार कॉफी पितात. मी विचारलं की म्हणतात, हवा कोरडी आहे गं मावशी. बारा महिने कुठे कोरडी हवा असते का, समुद्राकाठी?” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “डोक्यातून गोष्टी गळतात माझ्या, ते मला ठाऊक आहे. हातातूनही गळायला लागल्या का, एवढंच सांग. शनिवारी निसच्या नातीचं लग्न आहे. केक मावशीनेच करायचा म्हणतात सगळे, आणि सांगत मात्र कुणीच नाही. तू उद्या इथे नसशील. तुला खोटं बोलायचं काही कारण नाही.”

मावशीच्या पाठीमागे प्रेबेन उभा होता. त्याने इंगेलीसकडे बघून हलकेच मान हलवली. नको, सांगू नको. त्याच्या नजरेत अजून तो अभिमान होता, उबदार, भरलेला. तो तसाच राहू देणं अगदी सोपं होतं. एक शब्द पुरला असता, आणि तसे शब्द तिच्याकडे पुष्कळ होते.

इंगेलीसने डबा घेतला, गाडीच्या टपावर ठेवला, आणि म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. ते थंड होते. तेवढं तिला कळत होतं.

“मावशी, माझं म्हणणं धरू नकोस,” ती म्हणाली. “केक चांगला झाला म्हणून मी दुसरा तुकडा मागितला नाही. माणुसकी म्हणूनही नाही. मला चवच लागत नाही. फेब्रुवारीपासून. मीठ नाही, साखर नाही, काही म्हणजे काहीच नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं.” मग तिने मावशीच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. “यालासुद्धा नाही.”