दोन हुक

दादाची परीक्षा घ्यायचं काम धाकट्या बहिणीच्याच गळ्यात पडलं. कंपनीत दुसरा जुना गाईड उरलाच नव्हता, करणार काय! समुद्रावरच्या कड्याला आडवी पोलादी तार ठोकलेली, आणि गाईडने पर्यटकांना तिच्या आधाराने पलीकडे न्यायचं. वर्षापूर्वी याच वाटेवर दादाचा पाय सटकला, खांदा निखळला, आणि आज स्वारी पुन्हा गाईड व्हायला निघाली होती. बहीण आजच्यापुरती पर्यटक.

त्याला नापास करायचं, हे ती घरूनच ठरवून आली होती. दादाला पुन्हा तारेला लोंबकळताना बघायची तिची छाती नव्हती. पण खोटं बोलणंही जमत नव्हतं. त्याची एक चूक सापडली की झालं.

कमरेच्या पट्ट्याला दोन हुक. तार जिथे खुंटीला बांधलेली, तिथे एक हुक काढून खुंटीपलीकडे लावायचा, मगच दुसऱ्याला हात घालायचा. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहावं, तशी ती त्याच्या हातांवर डोळे लावून होती.

"ठमे, पायाखाली बघ. माझ्याकडे काय बघतेस?"

"तेवढ्यासाठीच तर आलेय!"

दादाचा हात कापेना, खांदा कुरकुरेना. तिचा जीव वरखाली होत होता, आणि रागही येत होता. तो पडला होता ते वळण आलं. आता चुकेल, आता चुकेल... दादाने एक हुक हलवला, मग दुसरा, आणि गेला पुढे. तीही खुंटीपाशी पोचली, पण नजर त्याच्याच हातांवर.

दादाने मागे वळून पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "हलू नकोस. खुंटी घट्ट धर."

तो परत आला आणि तिच्या कमरेचे दोन्ही हुक त्याने तारेत अडकवले. त्याचे हुक बघता बघता तिने स्वतःचे दोन्ही काढले होते. खाली लाटा आपटत होत्या.

"मला नापास करायला आली होतीस ना?"

"हो."

"कर मग. तुझं मी कुणाला सांगणार नाही."

पलीकडे पोचल्यावर तिने ऑफिसात फोन लावला. बोलताना रडू येत होतं, ते तिने येऊ दिलं.

"दादा पास. आणि उद्या माझी परीक्षा लावा. दादा घेईल."