बीमचा रंग

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं काँक्रीटच्या बीमवरून तळहात फिरवला. बीम नको तितका गुळगुळीत लागत होता.

"बाबा, किती हात दिलेत?"

"दोन. आधी लांबीनं भोकं बुजवून घासून घेतलं," बाबा खुशीत म्हणाले. "आणि रंग भारीतला आहे हो. ताणला जातो, फाटत नाही. खाली भेग पडली तरी वर दिसायची नाही."

अहो, भेग दिसावी म्हणूनच तर बीम पांढरा करायचा होता! चुन्याचा एक पातळ हात, बस्स. पण जन्मभर लोकांच्या भिंती रंगवून बाबा नुकतेच घरी बसलेले. लेकीच्या कामाला हातभार लावायची हौस दांडगी, आणि तिनंही घाईघाईत नुसतं "पांढरा करून द्या" एवढंच सांगितलेलं.

तिच्या संशोधनासाठी यंत्राखाली भार देऊन मोडायचा हा शेवटचा बीम. आधीचे सगळे मधोमध वाकून, कुरकुरत, सूचना देऊन मोडले होते. यात लोखंडी रिंगा मुद्दाम कमी घातल्या होत्या, म्हणजे तो टेकूजवळ तिरका आणि एकदम फुटणार. कुठून कुठे, ती रेघ तिच्या संगणकावरच्या मॉडेलनं आधीच काढली होती. तिनं ती पारदर्शक कागदावर उतरवून आणली होती. वजनाचा आकडा काय, योगायोगानंही जुळतो. रेघ जुळली तर मॉडेल खरं, असं तिच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं. यंत्र तेवढ्या सकाळपुरतंच मिळालं होतं. रंग काढत बसायला सवड नव्हती.

सरांनी बीमकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि यंत्र सुरू केलं.

भार वाढत गेला. बीमवर ओरखडाही दिसेना. बाबा आधी कौतुकानं बघत होते. मग लेकीचा चेहरा पाहून त्यांच्या ध्यानात यायला लागलं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. टेकूजवळ रंगाला एक सुरकुती पडली, पण फाटला म्हणून नाही. शब्दाला जागला मेला.

"मी घोटाळा करून ठेवला ना गं?"

ती नाही म्हणाली, पण तिला बाबांकडे बघवेना.

बीम खाली उतरवल्यावर बाबांनी पिशवीतून पातळ पातं काढलं आणि फरशीवर मांडी घातली. भेगेची कड दुखावू नये म्हणून ते बाजूबाजूनं रंग सोलत राहिले. मग ओल्या ब्रशनं लांबीचा लेप धुऊन काढला. हळूहळू टेकूपासून वर चढत गेलेली काळी रेघ उघडी पडली. तिनं वर कागद धरला.

सर चष्मा सावरत वाकले.

"खाली बोटभर चुकलीस," ते म्हणाले. "बाकी तंतोतंत."

तिचा जीव भांड्यात पडला. बाबांनी लगेच घरी फोन लावला.

"अगं, बीम फुटला! पोरगी म्हणाली होती तिथंच भेग पडली."

आईचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू आला.

"मग? बुजवलीत का?"

बाबांनी पातं पँटला पुसलं आणि पिशवीत ठेवून दिलं.

"नाही गं. ही राहू दे."