सुभेदाराचं ब्लँकेट

आमचे आजोबा, म्हणजे आप्पा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी कुत्र्याचं नाव ठेवलं सुभेदार. शेजारचे ज्योतिबाकाका रोज एकदा तरी चिडवायचे, "आवं आप्पा, कुत्रं तुमच्या वरच्या हुद्द्यावर गेलं की! सलाम ठोकता का न्हाई?"

आप्पा म्हणायचे, "ठोकतो. पन त्यो घेत न्हाई."

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात सुभेदार दहा वर्षांचा झाला आणि मी नववीत होते. वडूजची थंडी कोरडी, ओठ उलतात. सुभेदाराचे मागचे पाय सकाळी लवकर सरळ होत नसत. यंदा त्याची देखभाल मी करणार, असं मी घरात जाहीर केलं. नुकताच वक्तृत्वात पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून मी काहीही जाहीर करायचे.

आप्पांनी काळी ट्रंक उघडून मिलिटरीचं ब्लँकेट दिलं. ट्रंकेतल्या प्रत्येक लोकरी कपड्याच्या घडीत एक डांबरगोळी, हा त्यांचा कायदा. त्यानं कसर लागत नाही. मग पिसवा तरी कशा टिकतील? मी सुभेदाराच्या झोपायच्या पोत्यावर ब्लँकेट अंथरलं आणि चारही कोपऱ्यांखाली एकेक नवी गोळी ठेवली. आप्पांनी कोपरे उचलून तपासणी केली.

"शाब्बास! ही पोरगी फौजेत जानार."

सुभेदार काही ब्लँकेटवर बसेना. शिंकायचा, उठायचा आणि गार फरशीवर जाऊन पडायचा.

"शिस्त मोडतंय," आप्पा म्हणाले आणि पोत्याशेजारच्या खांबाला त्याला आखूड साखळीनं बांधलं. मलाही ते पटलं. त्याच्याच भल्याचं होतं ना!

चौथ्या दिवशी सकाळी दूध-भाकरी तशीच राहिली. सुभेदार दोनदा ओकला. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी. आई म्हणाली, "म्हातारं झालंय, थंडी बाधली आसंल." आप्पांनी त्याच ब्लँकेटात त्याला गुंडाळून उचललं आणि आम्ही दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

आमच्या आधी एक म्हैस होती. तिचं झाल्यावर डॉक्टरांनी ब्लँकेटचं टोक बाजूला केलं आणि ते तसेच थांबले. मग सुभेदाराचं तोंड उघडून त्यांनी वास घेतला.

"डांबरगोळ्या कुठं ठेवता घरात?"

"ट्रंकेत," आप्पा म्हणाले. "फौजेत आमी..."

"ट्रंकेतली गोळी ह्याच्या तोंडात कशी आली?"

आप्पा भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत राहिले. कोपरे त्यांनीच तपासले होते. पण ठेवणारी मी. अख्ख्या शाळेसमोर माझा आवाज खणखणीत लागतो, तिथं एक म्हैस आणि एक डॉक्टर, तरी मी पुटपुटले.

"मी ठेवल्या. ब्लँकेटखाली. पिसवा होऊ नयेत म्हणून."

"अगं, कुत्र्याला विष ते! त्याला कळत होतं, तो उठून गेला नाही का?"

"जात हुता," आप्पा म्हणाले. "म्या बांधला."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. "तीन दिवस काढले तर जगेल," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी पोतं उचललं. तीन गोळ्या होत्या, चौथीचा चुरा. सगळं झाडून लांब पुरलं, फरशी धुतली, नवं पोतं आणून त्यात कडबा भरला. शाळेला दांडी मारली. चमच्यानं पाणी, चमच्यानं पेज. पहिल्या दिवशी सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी थोडं आत राहिलं. रोज आप्पा येऊन त्याच्या हिरड्या बघून जायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारानं चमचा चाटला, मग वाटी चाटली, मग माझी बोटं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की ज्योतिबाकाका दाढीचा साबण घेऊनच धावत आले.

आप्पांनी ब्लँकेट गरम पाण्यात सोडा घालून तीनदा धुतलं आणि पंधरा दिवस उन्हात टाकलं. वास पुरता गेल्यावर ते त्यांनी पोत्याशेजारी नीट अंथरलं. सुभेदार उठला, चारही कोपरे हुंगून आला आणि परत आपल्या कडब्यावर जाऊन पडला.

"ऐकत न्हाई," आप्पा म्हणाले.

"त्याचा हुद्दा मोठा हाय, आप्पा," मी म्हणाले.

आप्पांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. सुभेदारानं एक डोळा उघडला, बघितलं आणि मिटून घेतला.