नुसतं ‘हं’ म्हणणारी भावंडं

चष्मेवाल्याला ताईचा फोन रोज दुपारी यायचा, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. तो फोन काउंटरवर उताणा ठेवून, स्पीकर लावून त्यावरच बुद्धिबळ खेळत बसायचा. मध्येच जुन्या मोटारसायकलींचे भाव बघायचे, मध्येच शाळासोबत्यांच्या ग्रुपवरच्या भांडणात तेल ओतायचं. ताईला अधूनमधून एक ‘हं’ टाकलं की झालं. थोरल्या बहिणीचं बोलणं म्हणजे पंख्याची घरघर. चालू असली की बरं वाटतं, पण ऐकतं कोण?

एकदा सकाळी त्याचा फोन चष्मे धुवायच्या मशीनमध्ये पडला आणि लखलखीत होऊन मेला. दुपारी हात शिवशिवायला लागले. शेवटी त्याने दुकानातल्या वायरवाल्या फोनवरून ताईला लावला. त्या डबड्यावर ऐकण्यापलीकडे काहीच करता येत नव्हतं, म्हणून बिचारा ऐकू लागला.

ताई शेजारणीच्या मांजरीबद्दल सांगत होती, पण वाक्यं अर्धीच सोडत होती. मागून नाण्यांचा खणखणाट ऐकू येत होता. मग जाहिरातीतली कुणी बाई पडद्यांवर घसघशीत सूट असल्याचं किंचाळली. चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली.

“ताई, दुकानाला आग लागलीय.”

“हं. बरं झालं. जेवलास का?”

“आगीतच जेवतोय!”

“सावकाश जेव.”

त्याचं डोकंच फिरलं. “मी इथे जळून मरतोय आणि तू गेम खेळतेस?”

खणखणाट थांबला. “तू मला शिकवू नकोस. मागे तुला सांगितलं, माझं यांच्याशी पटत नाही, मी वेगळी राहायला आलेय. तू काय म्हणालास? ‘हं, ॲव्हरेज किती देते?’”

“पण परवा तर तू भाऊजींच्या गुडघ्याचं सांगत होतीस!”

“तू विचारलंस, म्हणून ठोकून दिलं. मी तर त्यांचं ऑपरेशनसुद्धा उरकून टाकलंय.”

“अगं, मला नीट बसवून सांगायचंस ना!”

“नीट सांगितलं की लोक सल्ले देतात. आईने दिले, जावेने दिले, यांच्या दातांच्या डॉक्टरनेसुद्धा दिले. तू ऐकत नव्हतास, म्हणून तर तुझ्यापाशी रोज मोकळी होत होते. आणि गेमचं म्हणशील, तर हात रिकामे राहिले की मला रडू फुटतं.”

त्याला बरंच काही बोलता आलं असतं, पण ते सगळे सल्लेच निघाले असते.

“रविवारी येतो,” तो म्हणाला.

ताईच्या नव्या खोलीत ओल्या रंगाचा वास कोंडला होता आणि पलंग अजून खोक्यात तुकड्यातुकड्यांनी पडला होता. चष्मेवाल्याने तिचाच फोन भिंतीला टेकवला, पलंग जोडायचा व्हिडिओ लावला आणि बाह्या सरसावल्या. ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलू लागली. नवऱ्याबद्दल, त्याच्या अबोल्याबद्दल, पहिल्या रात्री या खोलीत एकटीला कशी गाढ झोप लागली त्याबद्दल. व्हिडिओ केव्हाच पुढे पळाला होता.

पलंग उभा राहिला तेव्हा डोक्याकडची फळी पायाकडे लागली होती आणि मूठभर स्क्रू उरले होते. ताई पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “खोल आता, आणि परत जोड. या वेळी मी तोंड बंद ठेवते.”

“बोल गं,” तो म्हणाला आणि पाना शोधायला पलंगाखाली शिरला.