पोटातलं ग्रीक

शाळेत जीवशास्त्र शिकवणारी सून वॉर्डात शिरली, तेव्हा सासूबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासऱ्यांना तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. पण सासूबाईंचा चेहरा फुलला होता.

"मोठे डॉक्टर आत्ताच येऊन गेले," त्या म्हणाल्या. "कानातली नळी पोटाला लावून ऐकलं आणि नर्सला म्हणाले, बॉर्बोरिग्मी नाहीत. एवढ्या लांबलचक नावाचा आजार, आणि यांना नाही! सुटलो बाई."

"नावावरूनच जिवावरचा वाटतो," सासरे म्हणाले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला त्यांचा हात कपाकडे निघालाही होता.

सुनेने कप मध्येच धरला. चहा तिच्या बोटांवर सांडला.

"थांबा, आई. तो आजार नाही."

"मग काय आहे?"

"पोटात गुडगुडतं ना, तेच. ग्रीकांना ते बोरबोर असं ऐकू आलं, त्याचाच त्यांनी शब्द केला. तो लॅटिनमध्ये गेला, तिथून इंग्रजीत आला."

"म्हणजे आमच्या पोटात ग्रीक बोलतात!" सासरे हसायला गेले आणि टाके ओढल्यामुळे कळवळले.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे गुडगुड नाही, असं म्हणाले ते?"

"हो. आतडी अजून हलत नाहीत. संध्याकाळपर्यंत अशीच राहिली, तर तपासण्या करून कदाचित पुन्हा पोट उघडावं लागेल."

हे डॉक्टरांनी तिला कालच सांगितलं होतं. सासूबाईंची झोप उडेल म्हणून तिने ते पोटातच ठेवलं होतं. काल सांगितलं असतं, तर आज हा थर्मास उघडलाच नसता.

सासूबाईंनी चहा बेसिनमध्ये ओतला आणि त्या स्टुलावर बसून राहिल्या. दुपार झाली.

"अगं, बंद घड्याळ आलं की मी आधी कानाला लावायचो," सासरे एकदम म्हणाले. "तुम्ही दोघी नुसत्या माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय?"

"काहीतरीच! लोक बघतील."

"बघू देत की."

सासूबाईंनी चादर सरकवली, टाक्यांपासून लांब, कुशीपाशी हलकेच कान टेकला आणि डोळे मिटले.

"श्वास रोखा जरा."

"आता तोही बंद पाडतेस?"

"गप्प बसा हो!"

बराच वेळ गेला. सून चादरीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

"अहो," सासूबाई कुजबुजल्या, "बोर म्हणालं."

"गुड नाही?"

"नाही. बोर. ऐका, परत!"

सून धावतच नर्सच्या टेबलाशी पोचली.

"काय झालं?" नर्सने दचकून विचारलं.

सांगायला तिच्याकडे नेमका शब्द होता, त्याचं एकवचनही आणि अनेकवचनही. पण तोंडून निघालं, "गुडगुडलं हो, गुडगुडलं!"