एक मूठ कमी

मी एक पितळेची वाटी बोलतेय. पानात वाढायची नव्हे, तांदळाच्या डब्यात राहणारी, मापाची. बोलायला बसले आहे तर आधी माझा एक नेम सांगते. त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

ज्ञानदा नोकरीसाठी चंडीगडला निघाली, त्या सकाळी तिच्या आईनं, पद्मिनीबाईंनी, मला चिंचेनं लख्ख घासलं, हळदकुंकू लावलं आणि चिन्नोर तांदळाच्या पिशवीत खोचलं. खोचताना हळूच म्हणाल्या, "पोरीकडे लक्ष ठेव गं बाई." त्या देवीला म्हणाल्या की मला, कोण जाणे. मी ते माझ्यावर घेतलं. तिथंच नेम धरला, की परक्या गावात या मुलीच्या तोंडचा एक दाणा कुणाला पळवू द्यायचा नाही, आणि त्यासाठी कुठल्याच हातावर विश्वास टाकायचा नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिरानं मला ठोकून ठोकून गोल केलं. काठाशी एक ठोका जास्त पडला, तो खळगा अजून आहे. पद्मिनीबाईंच्या रुखवतात मांडली गेले आणि त्याच आठवड्यात कामाला लागले. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. सकाळ-संध्याकाळ माझी फेरी ठरलेली.

ज्ञानदा चार वर्षांची असताना तापानं फणफणली होती. नऊ दिवस पोटात अन्न नाही. तेव्हा पद्मिनीबाई देवघरातल्या अन्नपूर्णेपुढे बोलल्या, की लेक जेवायला लागू दे, मी रोज मापातली एक मूठ बाजूला काढीन, ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही त्याच्यासाठी. लेक जेवायला लागली. तेव्हापासून गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, तांदूळ पडण्याआधी माझ्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात जाऊ लागली, महिनाअखेर तो डबा देवळाच्या अन्नदानात रिकामा होऊ लागला. तेवढा भात पद्मिनीबाई स्वतः कमी खात. आणि हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की दान राहत नाही, मिरवणं होतं, असं त्या मानत. सुरेशरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, पुष्कळ वर्षं वाटायचं की बायको माहेरी तांदूळ पोचवते. ते तिरकस बोलायचे, बाई हसायच्या.

निघायच्या सकाळी मात्र त्यांनी ज्ञानदाला सगळं सांगितलं. म्हणाल्या, तुझ्यासाठी बोललेला नेम आता तुझ्या हातानं चालव. जमेल तितके दिवस. पण बोलायचं नाही.

दिल्लीपर्यंत रेल्वे, मग बस. सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर आम्ही उतरलो. रुंद रस्ते, मोठाले चौक, सगळीकडे झाडं, आणि एकासारखा एक सेक्टर. मला ते गाव पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटलं. इतकं नीटनेटकं गाव फुकट कसं राहू देईल?

आणि दिलं नाहीच. कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, दुसऱ्या मजल्यावरची अर्धी खोली; तिच्यासाठी दोन महिन्यांचं भाडं आधी, वर दलालाचं. घरमालकीण आंटीजी पायऱ्यांशी उभ्या राहून बोटांवर मोजत म्हणाल्या, "बिजली अलग, पानी अलग, गीज़र तो बिल्कुल अलग, पुत्तर." त्यांच्या मीटरचं चक्र आमच्यासाठी जरा जास्तच जोरात फिरतं, असा माझा पक्का समज झाला. ज्ञानदाची नोकरी चंडीगडला लागूनच असलेल्या मोहालीत होती. पहिले सहा महिने शिकाऊ म्हणून, अर्ध्या पगारावर. मार्च उजाडला की पुरा पगार. तोवर कसंही करून टिकायचं, एवढंच तिचं ध्येय होतं.

पुढे नोव्हेंबर आला. आम्ही विदर्भातल्या, उन्हाळा आम्हाला शिकवू नका, पण थंडी आम्हाला माहीत नव्हती. रजई, बूट, गरम कपडे, एका महिन्यात सगळं घ्यावं लागलं. त्या महिन्यात तिनं भाजी जवळजवळ घेतलीच नाही. आईला मात्र रोज फोनवर सांगायची, आज भेंडी केली, आज वांगं. भेंडीबिंडी काही नसायचं. आणि अशातही ती रोज माझ्यातली एक मूठ काढून देवाच्या फोटोमागच्या स्टीलच्या डब्यात टाकायची.

खोलीच्या दुसऱ्या अर्ध्यात कादंबरी नावाची मुलगी राहायची. इचलकरंजीची. दोन वर्षं या गावात काढलेली, बोलायला फटकळ, वाक्यागणिक 'यार'. घरचे तांदूळ संपल्यावर दोघींनी ठरवलं, तांदूळ-डाळ अर्ध्या-अर्ध्या पैशांत आणायची, आणि प्रत्येकीनं रोज सपाट एक वाटी घ्यायची. ती वाटी म्हणजे मी. म्हणजे दोघींचे हात माझ्यात यायला लागले, आणि मी माझ्या नेमाला लागले.

कादंबरीच्या दुधाच्या पिशवीवर पेनाची खूण. तांदळाच्या बरणीवर पेनाची रेघ, रोज जरा खाली. कपाटाला कुलूप. हे सगळं कशासाठी? ज्याच्या मनात चोरी तोच कुलूप लावतो, असं मी धरून चालले. त्यात डिसेंबरपासून ती मला अर्धीच भरायला लागली. वाटलं, ही साळसूद, माझ्या मुलीसमोर अर्धी घेते, कुलपात हिचा वेगळा साठा असणार. डबा घेऊन सकाळी जायची, संध्याकाळी तो घासताना पाहिलं तर त्याला वरणाचा डाग नाही, तेलाचा ओशटपणा नाही. बुटांना ओलं गवत चिकटलेलं. ऑफिसात कुठलं गवत? आणि दर रविवारी घडी केलेली ओढणी पिशवीत टाकून गुपचूप निघायची. विचारलं तर म्हणायची, मैत्रिणीकडे. परत आली की जेवायची नाही.

मी ओळखलं, ही बाई काहीतरी लपवतेय. तेवढं खरं निघालं. बाकी सगळं चुकलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वीज गेली. कादंबरी काडेपेटी शोधत देवापाशी गेली, आणि तिच्या हाताला फोटोमागचा डबा लागला. उघडला. महिनाभराच्या मुठी. तिनं तो ओट्यावर आणून ठेवला, माझ्या शेजारी.

"हे काय आहे गं, ज्ञानदा?"

"माझं आहे ते."

"तांदूळ दोघींचे आणि डबा तुझा. बरं जमवलंयस की. भंडाऱ्याला पार्सल करतेस काय?"

ज्ञानदानं डब्यावर झाकण लावलं. म्हणाली, मी माझ्याच वाट्यातले काढलेत, तुझा एक दाणा घेतलेला नाही. कादंबरीनं विचारलं, मग लपवलेस कशाला? त्याला उत्तर होतं, पण ते बोलायचं नव्हतं. ज्ञानदा एवढंच म्हणाली, "ते मला सांगता येत नाही."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी म्हटलं तर ऐकणाऱ्याला काय वाटेल? मी ओट्यावर बसून ओरडत होते, अगं सांग, देवी समजून घेईल. पण पितळेचा आवाज कुणी ठोकल्याशिवाय निघत नाही.

कादंबरी तशीच खाली आंटीजींकडे सांगायला गेली. संध्याकाळी आंटीजी वर आल्या. त्या कधी वर यायच्या नाहीत, गुडघे दुखायचे. धापा टाकत त्यांनी सांगितलं, माझ्या घरात असली भानगड नको, महिना संपला की दुसरी जागा बघ. ज्ञानदानं मान हलवली. दुसरी जागा म्हणजे पुन्हा दोन महिन्यांचं आगाऊ, पुन्हा दलाल. तेवढं तिच्याजवळ कुठून असणार? पुरा पगार महिन्यावर आलेला आणि तिला भंडाऱ्याचं तिकीट काढावं लागणार होतं. त्या सकाळी फोनवर पद्मिनीबाईंनी विचारलं होतं, मूठ चालू आहे ना? ती हो म्हणाली होती. जागेचं त्यांना तिनं पुढेही सांगितलं नाही.

पुढचे दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक आत आली की दुसरी बाहेर. मीसुद्धा कादंबरीच्या हातात गेले की अंग चोरून घ्यायची.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. सामान बांधण्याआधी नेम पुरा करायचा म्हणून ज्ञानदानं डबा घेतला. मी तांदूळ उपसायला त्यातच होते. इथं अन्नदानाचं देऊळ तिला सापडलं नव्हतं, पण शेजारच्या सेक्टरमधल्या गुरुद्वाऱ्यात लंगरसाठी, म्हणजे तिथल्या सगळ्यांसाठीच्या फुकट पंगतीसाठी, कोरडं धान्य घेतात, हे तिला ऑफिसात कळलं होतं. आधीचे डबेही तिनं तिथंच दिले होते, पण ऑफिसातून येताना, संध्याकाळी. आज पहिल्यांदाच दुपारी गेली.

डोक्यावर ओढणी घेऊन ती आत शिरली. सेवा करणारे एक म्हातारे भाईजी होते. त्यांनी विचारलं नाही कोण, कुठली. मला हातात घेतलं आणि तांदूळ मोठ्या पातेल्यात घालायला लागले. तिथून पंगत दिसत होती. पोरं, म्हातारे, सुटाबुटातले, मजूर, सगळे एका ओळीत. आणि भिंतीकडून तिसरी, ओढणीखाली मान घालून, दोन्ही हात पसरून रोटी घेणारी कादंबरी.

तिनं वर पाहिलं. आधी ज्ञानदाला, मग त्या स्टीलच्या डब्याला, मग पातेल्यात पडणाऱ्या तांदळाला. घास हातात तसाच राहिला.

ज्ञानदा तिच्याजवळ जाऊन खाली बसली. वाढणाऱ्यानं तिच्यापुढेही ताट ठेवलं. मग कादंबरीच बोलली, अगदी हळू.

"डिसेंबरात काढलं यार मला. तीस जण काढले एका दिवसात. घरी नाही सांगितलं. दिवसभर बागेत बसते, अर्ज पाठवते. आंटीजींना कळलं तर खोली जाईल म्हणून रोज डबा घेऊन निघायचं."

"अगं, मला तरी सांगायचंस."

"आणि तू सांगितलंस होय? डबा सापडल्यावर तरी?"

दोघींना रडू यायचं ते हसू आलं. शेजारच्या बाईंनी तोंडावर बोट ठेवलं, तशा आणखीच हसल्या. मग ज्ञानदानं सगळं सांगितलं. ताप, अन्नपूर्णा, मूठ, न बोलण्याची अट. आईचा शब्द तिनं मोडला, पण मला वाटतं देवीनं तो दोष मोजला नसावा. एकीच्या घासातून रोज निघालेली मूठ दुसरीच्या ताटात रविवारी पोचत होती, हे जिनं घडवलं, ती असली अट कशाला धरून बसेल?

आणि मी पातेल्याच्या काठावर पालथी पडून विचार करत होते. अर्धी वाटी, म्हणजे तांदूळ पुरवून खायचे होते. गवत, म्हणजे बाग. डाग नसलेला डबा, म्हणजे रिकामा डबा. कुलूप नि पेनाच्या खुणा, म्हणजे परक्या गावातल्या दोन वर्षांची सवय. सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं. फक्त एक भुकेली मुलगी मला दिसली नव्हती, कारण मी चोर शोधत होते.

घरी आल्यावर कादंबरी चपला न काढता आंटीजींकडे गेली. दार उघडं होतं, जिन्यात सगळं ऐकू आलं. तिनं ज्ञानदाबद्दलचं आपलं बोलणं मागे घेतलं, लंगरचं सांगितलं, आणि शेवटी आपली नोकरी गेल्याचंही सांगून टाकलं. ते सांगायलाच हवं होतं असं नाही. पण निम्मं खरं सांगून ज्ञानदाची खोली राहिली असती का, अशी तिला शंका होती. आंटीजींनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पहले पूछ लेना था ना, पुत्तर." आणि पुढे, "मैंने भी कहाँ पूछा."

ज्ञानदाची खोली राहिली. कादंबरीला आंटीजींनी दोन महिन्यांची सवड दिली, गीझर मात्र अलगच ठेवला. कादंबरीला आता शेजारच्याच पंचकुल्यात काम मिळालंय, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. गाव काही स्वस्त झालेलं नाही. महिन्याची वीस तारीख उलटली की अजूनही दोघी डाळीत पाणी वाढवतात, पण एकाच गंजात, आणि एकमेकींना सांगून.

माझ्या त्या नेमाचं मी उद्यापन केलं. व्रत पुरं झालं की बायका उद्यापन करतात, सवाष्ण जेवू घालतात. मी कुणाला जेवू घालणार? मी एवढंच ठरवलं, की यापुढे हात ओळखायचा तो तांदूळ किती घेतले यावरून नाही, त्याला भूक किती आहे यावरून.

तुमची मुलंही अशीच कुठल्या तरी लांबच्या शहरात, परक्या मुलांबरोबर एका ओट्यावर रांधत असतील. तुमच्या घरीही कुणी नवीन भाडेकरू आला असेल. त्यांच्याबद्दल मनात काही बाळगलं असेल, तर त्याचं माझ्यासारखंच उद्यापन करा. आणि मला जे जमत नाही, ते तुम्हाला जमतं. तुम्ही विचारू शकता. आज त्यांच्या दारात जा आणि एवढंच विचारा, "जेवलास का रे बाळा?" आणि हो म्हणाला, तरी एकदा ताटाकडे बघा.